आधी ब्रेक, मग चढ

स्वित्झर्लंडमधल्या स्टूसच्या ट्रेनचं रील तुमच्या फीडमध्ये एकदा तरी येऊन गेलं असेल. पिंपासारखे गोल डबे, कड्याला चिकटून वर जाणारी लाइन आणि आत स्की घेऊन उभी असलेली मंडळी. 2017 मध्ये सुरू झालेल्या या फ्युनिक्युलरचा सगळ्यात तीव्र चढ 110 टक्के आहे. स्की रिसॉर्टवर जाणाऱ्यांत कोणाची लिफ्ट जास्त खडी यावरून वाद रंगतो, तेव्हा हा आकडा हमखास पुढे येतो.

आधी हे टक्क्यांचं गणित समजून घ्या. आडवं 100 मीटर पुढे जाताना तुम्ही जितके मीटर वर चढता, तितके टक्के चढ. म्हणजे 100 टक्के म्हणजे सरळ 45 अंश. स्टूस त्याच्याही पुढे, जवळपास 48 अंशांवर. आता आपल्या बोरघाटाकडे या. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबते, मागे जादा इंजिनं लागतात, तोवर तुमचा वडापाव खाऊन होतो. एवढा सगळा खटाटोप ज्या चढासाठी, तो आहे 37 मीटरला 1 मीटर. टक्क्यांत जेमतेम 2.7!

रेल्वेला 2.7 टक्क्यांवर धाप लागते, तर मग डोंगराच्या टोकापर्यंत गाडी नेण्याचा विचार कोणाला सुचला? त्या यादीतलं एक मोठं नाव म्हणजे निकलाउस रिगेनबाख. आणि गंमत अशी, की त्याची खरी कमाल गाडी चढवण्यापेक्षा उतरवण्यात होती.

नाइट स्कूलवाला मेकॅनिक

रिगेनबाखचा जन्म 21 मे 1817 चा, फ्रान्समधल्या अल्सास भागातला. वडील साखरेच्या धंद्यात. पण तो लहान असतानाच वडील गेले आणि आई मुलांना घेऊन स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला आली. घरची परिस्थिती बघता त्याला व्यापारी पेढीवर शिकायला ठेवलं गेलं. तिथं त्याचं मन रमेना. शेवटी ते सोडून त्याने वर्कशॉपमध्ये उमेदवारी धरली. आजच्या भाषेत, करिअर स्विच!

काम शिकून झाल्यावर तो फ्रान्सला गेला, आधी लियाँ आणि मग पॅरिस. दिवसा कारखान्यात काम आणि रात्री गणित, भौतिकशास्त्र, यंत्रशास्त्राचे वर्ग. इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे कधीच नव्हती. त्याच काळात पॅरिस ते सँ जेरमँ ही नवी रेल्वे त्याने पाहिली आणि ठरवून टाकलं, की आपण इंजिनंच बांधायची.

1840 मध्ये त्याला जर्मनीतल्या कार्ल्सरूहला केसलरच्या कारखान्यात काम मिळालं. तिथं तो साध्या कामगाराचा व्यवस्थापक झाला. दीडशेच्या आसपास इंजिनांच्या बांधणीत त्याचा हात होता. 1847 मध्ये स्वित्झर्लंडची पहिली रेल्वे झुरिक ते बाडेन अशी सुरू होणार होती. तिच्यासाठी बनलेलं ‘लिम्माट’ नावाचं इंजिन घेऊन जाणारा माणूस हाच.

लोखंडी शिडी

पुढे तो स्विस सेंट्रल रेल्वेत आला आणि ओल्टेन गावच्या वर्कशॉपचा प्रमुख झाला. या कंपनीची एक लाइन हाउएनश्टाइनच्या डोंगरातून जायची. चढ सुमारे 2.6 टक्के, म्हणजे जवळजवळ आपला बोरघाटच. ओल्या रुळांवर चाकं घसरायची, जागच्या जागी फिरायची. गुळगुळीत चाक आणि गुळगुळीत रूळ यांच्यातल्या घर्षणावर सगळी मदार. चढ वाढला की ते अपुरं पडणारच.

रिगेनबाखचा उपाय ऐकायला अगदी सोपा आहे. दोन रुळांच्या मधोमध एक लोखंडी शिडी आडवी टाकायची आणि इंजिनाखाली दातेरी चाक बसवायचं. चाकाचे दाते शिडीच्या पायऱ्यांत अडकत जातील, म्हणजे घसरायचा प्रश्नच नाही. याचं पेटंट त्याने फ्रान्समध्ये घेतलं ते 1863 मध्ये. आपला बोरघाट रेल्वेसाठी खुला झाला तेही हेच वर्ष.

पेटंट मिळालं, पण विचारतो कोण? तज्ज्ञांनी कल्पना हसण्यावारी नेली. पुढची काही वर्षं कागद कपाटात पडून राहिले. दरम्यान अमेरिकेत सिल्व्हेस्टर मार्श नावाच्या माणसाने माउंट वॉशिंग्टनवर अशाच शिडीची रेल्वे 1869 मध्ये सुरू केली. तिचा चढ 37 टक्क्यांपर्यंत. म्हणजे डोंगरावर दात्यांची गाडी नेणारा जगातला पहिला माणूस रिगेनबाख नव्हे. पण तिकडे जमलं म्हटल्यावर इकडच्या शंका कमी झाल्या आणि त्याच वर्षी ल्युसर्न प्रांताने रिगी डोंगरावर रेल्वे बांधायची परवानगी दिली.

रिगी म्हणजे तेव्हाचं हिट टुरिस्ट स्पॉट. वरून सूर्योदय बघायला लोक पायी, घोड्यावर किंवा चक्क डोलीत बसून जायचे. ओलिव्हिए चोके आणि अडोल्फ नेफ या दोघा सहकाऱ्यांबरोबर रिगेनबाखने फित्झनाउपासून लाइन टाकली. चढ 25 टक्क्यांपर्यंत, हाउएनश्टाइनच्या जवळपास दहापट. 21 मे 1871 ला, बरोबर त्याच्या 54 व्या वाढदिवशी, युरोपातली ही पहिली डोंगरी रेल्वे सुरू झाली. पण ती शिखराच्या अलीकडेच थांबायची, कारण पुढचा भाग दुसऱ्या प्रांताचा. शिखरापर्यंत गाडी पोहोचली 1873 मध्ये.

उतरताना काय?

आता खरा मुद्दा. तुम्ही बाइकवरून घाट उतरला असाल, तर घरच्यांनी एक गोष्ट बजावलेली असते, गाडी न्यूट्रलला टाकू नको. गिअरमध्ये ठेवली की इंजिनच गाडीला धरून ठेवतं. नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवला तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात.

रिगेनबाखपुढे हाच प्रश्न होता, फक्त डब्यात माणसं भरलेली आणि खाली थेट तलाव. 25 टक्क्यांच्या उतारावर गाडी सुटली तर पुढचं सांगायला नको. मग त्याने बनवला हवेच्या दाबाचा ब्रेक. उतरताना सिलिंडरमध्ये वाफ सोडायचीच नाही. दट्ट्या बाहेरची हवा आत ओढून दाबतो आणि ती दाबलेली हवा चाकाला अडवते. ती किती सोडायची हे ड्रायव्हर एका झडपेने ठरवणार. हवा दाबली की तापते, म्हणून सिलिंडरमध्ये थोडं पाणी सोडून ते थंड ठेवायचे. म्हणजे बाइकचं इंजिन ब्रेकिंगच, दीडशे वर्षांपूर्वीचं.

अशा बारीक गोष्टी अजूनही होत्या. इंजिन कायम डब्याच्या खालच्या बाजूला असायचं. वर जाताना ढकलायचं, खाली येताना थोपवायचं. सुरुवातीच्या इंजिनांचा बॉयलर उभा ठेवला होता, कारण आडव्या बॉयलरमधलं पाणी उतारावर एका टोकाला जमलं असतं. यातलं सातव्या नंबरचं इंजिन आजही ल्युसर्नच्या वाहतूक संग्रहालयात आहे.

रेकॉर्ड मोडलं, बरं झालं

25 टक्क्यांचा आकडा पुढे फार काळ मिरवता आला नाही. 1889 मध्ये समोरच्याच पिलाटस डोंगरावर एडुआर्ड लोखरने 48 टक्क्यांची रेल्वे काढली. एवढ्या चढावर शिडीतून दाते वर उचलले जाण्याची भीती. म्हणून लोखरने दाते दोन्ही बाजूंना आडवे घेतले आणि दोन चाकांनी मधली पट्टी चिमटीत पकडली. दातेरी रेल्वेत आजही ही जगातली सगळ्यात खडी.

रिगेनबाख स्वतःही थांबला नव्हता. डोंगरी रेल्वे बांधायला काढलेली त्याची कंपनी टिकली नाही, पण कामं चालू राहिली. 1883 मध्ये तेरिते ते ग्लिओं या फ्युनिक्युलरवर त्याने 57 टक्के गाठले. दोरखंडाच्या दोन टोकांना दोन डबे. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली येणार आणि खालच्याला वर ओढणार. पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या बॉम जेझुशला 1882 ची त्याच्या कल्पनेची फ्युनिक्युलर आजही पाण्यावर चालते. एकाच्या वजनाने दुसऱ्याला तोलायची ही युक्ती तुम्ही सप्तशृंगी गडाच्या ट्रॉलीत बसून अनुभवली असेल, फक्त तिथं मोटर आहे.

1880 मध्ये तो भारतात येऊन गेला, निलगिरीची रेल्वे कशी बांधता येईल ते सांगायला. तिथं निघालेल्या कंपनीच्या नावातही ‘रिगी’ होतं. पण पैशांअभावी काम रखडलं. शेवटी कुन्नूरपर्यंत गाडी पोहोचली 1899 मध्ये आणि तीही रोमान आब्टच्या पद्धतीने. हा आब्ट म्हणजे ओल्टेनला रिगेनबाखच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा! उटीच्या टॉय ट्रेनमध्ये बसाल तेव्हा रुळांमधले ते दाते नक्की बघा. चढ सुमारे 8 टक्केच आहे, पण वंशावळ थेट रिगीपर्यंत जाते.

त्याच 1899 च्या जुलैमध्ये ओल्टेनला रिगेनबाख गेला, वयाच्या 82 व्या वर्षी. आठवणींचं पुस्तक लिहिताना त्याने शीर्षकात स्वतःला इंजिनिअर किंवा संशोधक म्हटलं नाही. ‘म्हातारा मेकॅनिक’ एवढंच म्हटलं.

त्याची शिडी निवृत्त झालेली नाही. वेंगेनच्या डोंगरात हिवाळ्यात स्की घेऊन लोक ज्या गाडीने वर जातात, तीही त्याच शिडीच्या वंशातल्या रुळावर चढते, 25 टक्क्यांपर्यंत. तेव्हा पुढच्या वेळी 110 टक्क्यांचं रील आलं की लाइक जरूर करा. फक्त कमेंटमध्ये कोणी चढाचा आकडा फेकला, तर त्याला एवढंच विचारा, उतरताना ती थांबते कशी?