शिल्पकार करमरकर : गणपतीच्या मातीपासून ब्राँझपर्यंत

अलिबागजवळचे सासवणे हे समुद्रकाठचे लहानसे गाव. तेथे १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म झाला. घरात गणपती करण्याची परंपरा होती. त्यामुळे माती मळणे, तिला आकार देणे हे शिक्षण त्यांना लहानपणीच मिळाले. गावातील देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ते कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडण्याची व्यवस्था केली.

पुढे १९१६ साली करमरकर कलकत्त्यास गेले. तेथे त्यांना कामे मिळाली, नावही झाले. तरीही १९२० साली ते लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत शिकावयास गेले. तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होणे, याचेच मला मोठे नवल वाटते.

मातीचे काम बिघडले तर ती पुन्हा मळता येते. ब्राँझ ओतताना ती सवलत नाही. साच्यात थोडी जरी ओल राहिली, तरी तप्त रस पडताच तिची वाफ होते आणि रस उसळून जवळची माणसे भाजतात. म्हणून साचा पुरता भाजून वाळवावा लागतो. घाई करणारा सोबत्यांच्या जिवाशी खेळतो. ओतण्यात खंड पडला तर थर एकजीव होत नाहीत.

ही विद्या १९२८ साली पणास लागली. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा प्रचंड पुतळा मुंबईत एकसंध ओतला गेला. भट्टीपाशी राबलेल्या कामगारांचाही त्या यशात वाटा आहे.

पुढे सासवण्यास त्यांनी सिमेंटसारख्या साध्या माध्यमातही शिल्पे केली. १९६२ साली ‘पद्मश्री’ मिळाली. १९६७ साली ते निवर्तले. त्यांचे घर आज शिल्पसंग्रहालय आहे.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. शिकलेल्याने हाताचे काम सोडावे, असे आमच्याकडे पुष्कळांना वाटते. करमरकर लंडनला जाऊन आले, पण घरची माती त्यांनी सोडली नाही. नाशिकच्या मूर्तिकारांच्या मुलांनी आणि आम्ही कॉलेजकुमारांनीही हे चरित्र जरूर जाणून घ्यावे.