कोठारात धान्य, रंगमंचावर वादळ

विल्यम शेक्सपिअर हे नाव आपल्यातल्या बहुतेकांना कॉलेजात भेटते, आणि तेही परीक्षेपुरते. फुले-आंबेडकरी वाचकाने त्याच्याकडे का वळावे, असे एका वाचन मंडळात मला विचारले गेले. माझे उत्तर असे की, सत्ता कोसळते तेव्हा नेमके कोण भिजते हे त्याच्या नाटकांतल्या वादळांइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते. पण त्याचे आयुष्य त्या नाटकांशेजारी ठेवले की चित्र एवढे सरळ राहत नाही. म्हणून इथे दोन्ही एकत्र सांगते.

एप्रिल १५६४ मध्ये इंग्लंडच्या वॉरिकशर भागातील स्ट्रॅटफर्ड या बाजारगावात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच उन्हाळ्यात गावात प्लेग आला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. वडील जॉन कातडे कमावून त्याचे हातमोजे करीत. दस्तऐवजावर सहीऐवजी खूण करणारा हा माणूस १५६८ मध्ये गावाचा नगरप्रमुख झाला. आपल्याकडे चामड्याला हात लावणाऱ्याचे घर वेशीबाहेर असे, हे लक्षात घेतले की वर्ग आणि जात यांतला फरक समाजशास्त्राच्या पुस्तकापेक्षा लवकर कळतो. पुढे जॉन कर्जात बुडाला, जमीन गहाण पडली. विल्यम गावच्या शाळेत लॅटिन शिकला असावा. विद्यापीठ मात्र त्याने पाहिले नाही. अठराव्या वर्षी त्याचे लग्न झाले. बायको अ‍ॅन आठ वर्षांनी मोठी. आधी सुझाना, मग १५८५ मध्ये हॅम्नेट आणि ज्युडिथ ही जुळी. त्यातला मुलगा अकराव्या वर्षी गेला.

१५९२ पर्यंत तो लंडनला नाटकात स्थिरावला होता. तेव्हा नट म्हणजे कोण? १५७२ च्या कायद्यानुसार ज्या नटाच्या पाठीशी कोणी उमराव नसेल तो भटक्या आणि बदमाश ठरे. त्याला फटके मारून कानाला डाग देण्याची शिक्षा होती. भटक्या-विमुक्त वाचकांना हे ओळखीचे वाटेल. गावोगाव फिरून खेळ करणाऱ्या, पोट भरणाऱ्या माणसांवर जन्मजात संशय घेण्याची रीत इंग्रजांनी आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आणली, ती आधी त्यांच्या घरी तयार झालेली होती. विद्यापीठातून आलेल्या एका लेखकाने शेक्सपिअरला छापील पुस्तिकेत उपटसुंभ ठरवले. नट असून नाटके लिहितो, हा त्याचा राग.

शेक्सपिअरने उमरावाचा आश्रय असलेल्या कंपनीत भागीदारी मिळवली. १५९९ मध्ये भागीदारांनी ग्लोब हे नाट्यगृह उभारले. एक पेनी देणारा मजूर मैदानात उभा राहून नाटक पाही, श्रीमंत वर सज्जात बसे. एकच गडगडाट दोघांच्या कानी पडे. त्याच वर्षीच्या सुमाराच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये हत्येच्या आदल्या रात्री रोमवर वादळ येते आणि प्रत्येक जण त्यात आपल्याला हवा तो शकुन वाचतो. शकुन आभाळात नसतो, वाचणाऱ्याच्या हेतूत असतो, हे शेक्सपिअरने तिथे बुद्धिवाद्याच्या नजरेने मांडले आहे.

१६०३ मध्ये स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला आणि शेक्सपिअरची कंपनी राजाची कंपनी झाली. या राजाचा वादळाशी जुना हिशेब होता. आपल्या नवरीला डेन्मार्कहून आणताना समुद्रात वादळे उठली, ती चेटकिणींनी उठवली असे त्याने मानले. १५९०-९१ मध्ये नॉर्थ बर्विक भागातील अनेक बायका-पुरुष पकडले गेले, छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. अ‍ॅग्नेस सॅम्पसन या सुईणीची, औषधपाणी करणाऱ्या बाईची, राजाने स्वतः चौकशी केली आणि मग तिला मृत्युदंड झाला. वारा सुटला म्हणून बाई मारली गेली. आपल्याकडे डाकीण ठरवून बायकांना छळण्याच्या घटना ऐकणाऱ्या, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आजही खेड्यात समजावून सांगणाऱ्या कार्यकर्त्यांना हे चारशे वर्षांपूर्वीचे वाटणार नाही. १६०६ च्या सुमारास शेक्सपिअरने ‘मॅकबेथ’ लिहिले. त्यात चेटकिणी वाऱ्यावर हुकमत सांगतात, राजाच्या आवडीचा मसाला सगळा आहे. तरी खून त्या करत नाहीत. खून करतो तो सत्तेची हाव सुटलेला सरदार. दरबारी नाटककाराकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही, आणि हेही थोडे नाही.

डिसेंबर १६०६ मध्ये दरबारात ‘किंग लिअर’ झाले. ऐंशी ओलांडलेला राजा मुलींच्या गोड बोलण्याच्या मापाने राज्य वाटतो, मग त्याच मुली त्याला वाऱ्यापावसात बाहेर ठेवतात. उघड्या माळावर, झोपडीच्या दारात त्याला पहिल्यांदा आठवतात ती छप्पर नसलेली, फाटक्या अंगाची माणसे. आपण राज्य करीत होतो तेव्हा ही माणसे होतीच, आपण पाहिले नाही, हे त्याला कळते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये शंका घेतली आहे की सिद्धार्थाने एकोणतिसाव्या वर्षापर्यंत म्हातारा, रोगी, प्रेत पाहिलेच नसेल हे कसे शक्य आहे. लिअरच्या बाबतीत मात्र ते शक्य वाटते, कारण सत्तेत न पाहण्याची सोय असते. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगमंचावर आले, त्यामागे लिअरची छाया आहे. तिथे घर सोडलेल्या बेलवलकरांना जवळ करतो तो बूटपॉलिश करणारा पोरगा. आपल्याकडे त्या प्रवेशाला लोक रडतात. त्या पोराच्या डोक्यावर छप्पर का नाही, हा प्रश्न क्वचित कोणी विचारतो.

आता शेक्सपिअरच्या स्वतःच्या जिल्ह्याकडे येऊ. १६०७ मध्ये वॉरिकशर, नॉर्दॅम्प्टनशर, लेस्टरशर या भागांत गरीब शेतकरी-मजुरांनी उठाव केला. कारण होते कुंपण. गावाची सामाईक राने-शेते जमीनदार कुंपण घालून मेंढ्यांसाठी ताब्यात घेत होते. लोकर विकली जाई, धान्य आणि मजुरी दोन्ही जाई. ज्यांनी गायरानाचा लढा लढला, दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहाच्या आठवणी ज्यांच्या घरी आहेत, त्यांना हे समजावण्याची गरज नाही. न्यूटन गावी उठाव चिरडताना चाळीसहून अधिक माणसे मारली गेली.

त्यानंतर लगेचच्या ‘कोरायोलेनस’ नाटकाची सुरुवात धान्यासाठी खवळलेल्या जमावाने होते. त्यांना शांत करायला एक म्हातारा सरदार गोष्ट सांगतो : शरीराच्या अवयवांनी पोटाविरुद्ध बंड केले, तर पोट म्हणाले की सगळे अन्न मी घेतो खरे, पण तुम्हाला वाटतोही मीच. म्हणजे उमराव हे पोट, जनता हे हातपाय. ही गोष्ट प्लूटार्कच्या ग्रंथातून आली आहे, पण वाचताना मला पुरुषसूक्तच आठवले. मुखापासून ब्राह्मण, पायांपासून शूद्र. समाजाला देहाची उपमा दिली की पायाने डोक्याला जाब विचारणे हा रोग ठरतो. नाटकातला जमाव गोष्ट ऐकून लगेच मान डोलावत नाही, मधेमधे टोकतो. पुढे शेक्सपिअर या जमावाला चंचल, सहज फितणारा दाखवतो, ते मला पटत नाही. पण पहिल्या प्रवेशात भूक खरी आहे आणि कोठारे भरलेली आहेत, हे तो लपवत नाही.

कोठारांची त्याला माहिती होतीच. १५९४ पासून ओळीने पिके बुडाली, भाव चढले, आणि फेब्रुवारी १५९८ मध्ये स्ट्रॅटफर्डमध्ये साठ्यांची मोजणी झाली. त्या यादीत शेक्सपिअरच्या घरी ८० बुशेल माल्ट, म्हणजे दारूसाठी मोड आणून वाळवलेले सातू, आजच्या हिशेबाने टनाच्या वर भरतील इतके, सापडले. शेजाऱ्यांकडेही साठे होते, तो एकटा नव्हता. वर्षभरापूर्वीच त्याने गावातले सर्वात मोठ्यांपैकी एक घर विकत घेतले होते. कर्जबाजारी बापाच्या मुलाने पुन्हा तसे व्हायचे नाही असे ठरवले असावे. पहिल्या पिढीत वर आलेल्या माणसाची ही भीती मी आपल्या वस्त्यांतून बाहेर पडलेल्या नोकरदारांमध्येही पाहते, म्हणून त्याला झटकन दोषी म्हणवत नाही. पण निर्दोषही म्हणवत नाही.

१६०९ मध्ये व्हर्जिनियाच्या वसाहतीकडे निघालेले सी व्हेंचर जहाज वादळात बर्म्युडाच्या खडकांवर आदळले. दीडशे माणसे वाचली, आणि पुढल्या वर्षी ही बातमी लंडनला पोचली. नोव्हेंबर १६११ मध्ये दरबारात झालेल्या ‘टेम्पेस्ट’ची सुरुवात बुडत्या जहाजाने होते. तिथे खलाशांचा नायक राजाला आणि सरदारांना खाली कोठडीत जायला फर्मावतो, कारण दोरखंड त्याला कळतात, त्यांना नाही. क्षणभर श्रम करणारा वर आणि हुकूम करणारा खाली. मग कळते की हे वादळ निसर्गाचे नाहीच; राज्य गमावलेल्या प्रॉस्पेरोने ते विद्येच्या बळावर उठवले आहे. त्याच्या बेटावर कॅलिबन लाकडे वाहतो. बेट आपल्या आईकडून आपल्याला आले असा त्याचा दावा आहे. त्याने प्रॉस्पेरोच्या मुलीवर हात टाकायचा प्रयत्न केला हेही नाटक सांगते आणि ते दृष्टिआड करता येत नाही. पण मालकाने शिकवलेली भाषा मालकावरच उलटवणारा हा गुलाम जगभरच्या शोषितांनी आपला मानला. १९६९ मध्ये मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांनी हे नाटक नव्याने लिहून कॅलिबनला काळा गुलाम केले. तीनच वर्षांनी मुंबईत अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहत दलित पँथर उभी राहिली आणि नामदेव ढसाळांची भाषा मराठी साहित्याच्या दारावर आदळू लागली.

शेक्सपिअर त्यानंतर बहुतेक गावीच असे. १६१४ मध्ये शेजारच्या वेल्कम येथील सामाईक शेतांना कुंपण घालण्याचा घाट एका जमीनदाराने घातला. नगरपरिषद विरोधात होती. शेक्सपिअरने १६०५ मध्ये ४४० पौंड देऊन तिथल्या धान्य-उत्पन्नाचा वाटा घेतला होता. ऑक्टोबरमध्ये त्याने करार करून घेतला : कुंपणामुळे आपले नुकसान झाले तर भरपाई मिळावी. गावाच्या बाजूने त्याने पाऊल उचलल्याची नोंद नाही. चर खणायला सुरुवात झाली तेव्हा स्ट्रॅटफर्ड आणि बिशप्टनच्या बायका-पोरांनी जाऊन ते बुजवले. त्यांची नावे कोणी नाटकात घातली नाहीत.

१६१६ च्या वसंतात वरिष्ठ न्यायाधीशाने कुंपण थांबवले, आणि २३ एप्रिलला शेक्सपिअर वारला. मृत्युपत्रात गावातल्या गरिबांसाठी दहा पौंड होते, मालमत्तेचा मोठा वाटा थोरल्या मुलीकडे गेला. सात वर्षांनी दोन सहकारी नटांनी त्याची छत्तीस नाटके एका जाड ग्रंथात छापली. त्यातली निम्मी, ‘टेम्पेस्ट’, ‘मॅकबेथ’ आणि ‘कोरायोलेनस’ धरून, त्याआधी कधीच छापली गेली नव्हती. धाकटी मुलगी ज्युडिथ १६६२ पर्यंत जगली. आजोबांसारखीच तीही कागदावर सहीऐवजी खूण करीत असे.