कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस गेले. परंतु डोळ्यांस रंगभेद नीट कळेना, म्हणून तो मार्ग खुंटला. ते खचले नाहीत. यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईतच शिक्षक झाले. १८८८ पासून बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचा व्यापार आरंभिला व पुढे बेळगावात विक्री-दुरुस्तीचे दुकान थाटले.

हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासेल या भयाने शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. १९१० साली औंध संस्थानातील निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९५६ साली ते निवर्तले.

आमच्या बीड जिल्ह्यात काही घरी जुनी सायकल असते. ती अडली तर विद्यार्थ्यांनी ती स्वतः उघडावी, सुटे भाग क्रमाने मांडावे, पुसून तेल द्यावे व पुन्हा जोडावे. ईश्वराने दिलेले हात काळे झाल्याने कोणी हलका होत नाही, हेच या चरित्रापासून आम्ही शिकावे.