कर्मवीर भाऊराव आणि कॉलेजची फी



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या कित्येक घरांत आनंदाबरोबर एक चिंताही येते. मुलगा पास झाला, मुलगी पास झाली. आता पुढे काय? गावात शाळा आहे, पण कॉलेज शहरात. फी, एस.टी.चा पास, खोलीचे भाडे, खाणावळ असा हिशेब मांडला की वडील गप्प होतात आणि मुलगा आपणहून गॅरेजात किंवा गवंड्याच्या हाताखाली कामाला लागतो. मुलीच्या बाबतीत तर हिशेब मांडलाच जात नाही. ही अडचण ज्याने शंभर वर्षांपूर्वी ओळखली आणि आयुष्य वेचून तिच्यावर उपाय काढला, त्या माणसाची हकिकत आज आपणांस सांगावयाची आहे. त्यांचे नाव कर्मवीर भाऊराव पाटील.

२२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील महसूल खात्यात कारकून होते. भाऊराव कोल्हापूरला शिकावयास गेले. पण इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची मजल गेली नाही. आपण हे ध्यानात ठेवावे, की ज्याने पुढे कॉलेजे काढली तो स्वतः मॅट्रिकही झालेला नव्हता.

कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. त्याबद्दल त्यांना बोर्डिंगातून काढण्यात आले. बोर्डिंगचे चालक अण्णासाहेब लठ्ठे होते. पुढे १९१४ साली कोल्हापुरात पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण झाले, आणि त्यात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी कैद भोगली, मार खाल्ला, पण साक्ष दिली नाही. ज्याने आपल्याला घराबाहेर काढले त्याच्याविषयीही खोटे बोलावयाचे नाही, हा त्यांचा पीळ होता.

त्याच सुमारास एक अस्पृश्य मुलगा वर्गाबाहेर बसून शिकत असलेला त्यांनी पाहिला. त्याचे नाव ज्ञानदेव घोलप. भाऊरावांनी त्याला कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले. हा मुलगा पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचा सभासद झाला. मुलाजवळ बुद्धी असते, उणीव असते ती राहण्याजेवण्याच्या सोयीची, हे भाऊरावांना यातून पुरते पटले असावे.

पोटासाठी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकले, ओगल्यांच्या काच कारखान्याचे काम केले. या धंद्यात गावोगाव हिंडल्यामुळे रयतेची खरी स्थिती त्यांना दिसली. दुधगाव येथे मित्रांच्या साह्याने त्यांनी आधीच एक विद्यार्थी आश्रम काढला होता, आणि त्यात मराठा, जैन, महार अशा मुलांबरोबर मुसलमान मुलेही होती. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग निघाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीत जेवत, आणि स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामेही मिळून करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगचा खर्च चालला कसा, हे पालकांनी जरूर समजून घ्यावे. सुरुवातीस कोणी मोठा धनिक पाठीशी नव्हता. खेड्यांतल्या बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढीत आणि मुले ते घरोघर जाऊन गोळा करीत. यालाच मुष्टिफंड म्हणत. तरीही कोठी रिकामी होई. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकामागून एक दागिने दिले आणि एके दिवशी मुलांच्या जेवणासाठी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या वारल्या. संस्थेच्या इतिहासात भाऊरावांचे नाव मोठे आहे, यात शंका नाही. पण त्या माउलीचे नाव त्याच ओळीत लिहिले पाहिजे, असे आमचे मत आहे.

आता कॉलेजची गोष्ट. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. फी भरण्याची ऐपत नसलेल्या मुलांनी अंगमेहनतीच्या बळावर शिकावे अशी तेथली रीत होती. हायस्कूल झालेल्या या मुलांपुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला, जो आज आपल्या घरी उभा राहतो. त्याचे उत्तर म्हणून जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. कमवा आणि शिका हे त्याचे तत्त्व. विद्यार्थ्याने शेतात राबावे, खडकाळ जमीन फोडावी, बांधकामावर दगड-माती वाहावी आणि त्या श्रमाच्या बदल्यात त्याचे शिक्षण व्हावे. ही भीक नव्हती, दयाही नव्हती. त्यामुळे मुलाची मान खाली जात नसे. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

संकटेही आली. १९४८ साली भाऊरावांनी सरकारवर केलेल्या कडक टीकेमुळे संस्थेचे अनुदान थांबले. शिक्षक पगाराविना राहिले. पण लोकांनी हात दिला, गाडगेबाबांनी मध्यस्थी केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज निघाले. १९५५ साली साताऱ्यास शिक्षकांसाठी कॉलेज निघाले, त्यास मौलाना आझादांचे नाव देण्यात आले.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही पदवी दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला! त्यानंतर थोड्याच काळात, ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. मागे ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, ६ ट्रेनिंग कॉलेजे, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ कॉलेजे उभी होती.

हे सारे साताऱ्याचे, आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यात श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत येथे रयतची कॉलेजे आहेत. आणि श्रमाने काय होते हे पाहावयास आपल्याला साताऱ्याला जाण्याचीही गरज नाही. नगरजवळचे हिवरे बाजार घ्या. एके काळी दुष्काळाने लोक गाव सोडून जात. १९८९-९० नंतर गावकऱ्यांनी श्रमदान केले, चर खणले, पाणी अडवले, कुऱ्हाडबंदी पाळली आणि गेलेली माणसे परत आली. तेथल्या मुलाला खोरे-कुदळीची लाज वाटण्याचे कारण नाही, मग आपल्या मुलांना कॉलेजात काम करून शिकण्याची लाज का वाटावी?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची आज जी कमवा व शिका योजना आहे, तिला कर्मवीरांचेच नाव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातली (पूर्वीचे अहमदनगर) कॉलेजे याच विद्यापीठाखाली येतात. विद्यार्थी ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत ठरावीक तास काम करतो आणि तासाप्रमाणे मानधन घेतो. मुलींनाही ती खुली आहे. याशिवाय राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. या दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवावा लागतो. दाखल्यासाठी धावपळ करता करता मुदत टळून जाते, असे दरवर्षी घडते. कमवा व शिकाची चौकशी मात्र प्रवेश घेतानाच कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे करावी, कारण जागा मोजक्या असतात.