चिलिकाचा अभ्यासक : नेल्सन अ‍ॅनन्डेल

ओडिशाच्या किनाऱ्यावरील चिलिका हे भारतातील सर्वांत मोठे खाजण सरोवर आहे. वाळूच्या लांब पट्ट्याने ते बंगालच्या उपसागरापासून वेगळे झाले आहे. तरीही अरुंद मुखांवाटे त्याचे समुद्राशी नाते टिकून आहे. पावसाळ्यात महानदीच्या शाखा त्यात गोडे पाणी आणतात, तर उन्हाळ्यात त्याचा खारेपणा वाढतो. अशा सतत बदलणाऱ्या पाण्यात कोणते जीव राहतात आणि ते कसे तग धरतात, याचा पहिला सविस्तर अभ्यास करणाऱ्यांमध्ये नेल्सन अ‍ॅनन्डेल हे अग्रणी होते.

अ‍ॅनन्डेल यांचा जन्म १५ जून १८७६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. त्यांचे वडील नामवंत शल्यचिकित्सक होते. ऑक्सफर्ड येथे शिक्षण घेतल्यावर अ‍ॅनन्डेल यांनी मलाया द्वीपकल्पात भ्रमंती केली. १९०४ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात रुजू झाले आणि १९०७ मध्ये तेथील अधीक्षक बनले.

त्या काळी संग्रहालयातील प्राणिशास्त्राचा बराचसा भाग बाटल्यांत जतन केलेल्या नमुन्यांपुरता मर्यादित होता. परंतु बाटलीतला मासा त्याचे नाव सांगतो, जीवन सांगत नाही. जीव ज्या पाण्यात जगतो, तेथेच त्याला पाहिले पाहिजे, अशी अ‍ॅनन्डेल यांची धारणा होती. १९१४ च्या सुमारास स्टॅन्ली केम्प या सहकाऱ्यासह त्यांनी चिलिकाची पाहणी केली. त्यांनी गाळातील व पाण्यातील जीव गोळा केले आणि निरनिराळ्या ऋतूंतील पाण्याच्या खारेपणाच्या नोंदी ठेवल्या. कवचधारी प्राण्यांचा अभ्यास केम्प यांनी, तर माशांचा अभ्यास बनवारीलाल चौधुरी यांनी केला. १९१५ पासून हे निष्कर्ष क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागले. सरोवरातील बारकुडा बेटावर आढळलेल्या, पाय नसलेल्या सापसुरळीचे वर्णनही अ‍ॅनन्डेल यांनी १९१७ मध्ये केले.

या याद्यांचे मोल पुढील काळात कळले. कोण कोणाला खातो, याच्या अनेक साखळ्या एकमेकींत गुंतून अन्नजाल तयार होते. चिलिकात शेवाळ आणि कुजलेल्या पाणवनस्पती यांवर सूक्ष्म जीव वाढतात. बोय मासा गाळावरील हे अन्न टिपतो; कोळंबीही त्यावर जगते. जिताडा लहान मासे आणि कोळंबी खातो. माशांवर पक्षी आणि इरावती डॉल्फिन पोसले जातात. बोय समुद्रात अंडी घालतो आणि त्याची पिल्ले मुखातून सरोवरात येतात. म्हणून मुख बुजले की केवळ पाणीच अडत नाही, तर अन्नाची ही सारी वीण उसवते आणि कोळ्यांच्या घरातील चूल मंदावते.

अ‍ॅनन्डेल यांच्या प्रयत्नांतून १ जुलै १९१६ रोजी भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. लाहोरचे तरुण अभ्यासक सुंदरलाल होरा यांचे गुण हेरून त्यांनी त्यांना या कार्यात आणले. होरा पुढे मत्स्यशास्त्रज्ञ म्हणून जगभर ख्यातनाम झाले. १० एप्रिल १९२४ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, अ‍ॅनन्डेल यांचे कोलकात्यात निधन झाले.

त्यानंतर सुमारे सहा दशकांनी, १९८५ ते १९८७ या काळात, त्यांच्याच संस्थेने चिलिकाची पुन्हा पाहणी केली. तेव्हा तुलनेसाठी जुन्या नोंदी हाताशी होत्या. गाळ साचून मुख अरुंद झाल्याने सरोवराचा खारेपणा घटला होता, गोड्या पाण्यातील वनस्पती फोफावल्या होत्या आणि मासळी कमी झाली होती. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदण्यात आले आणि मासळीचे उत्पन्न पुन्हा वाढले.

आज ज्याचा उपयोग दिसत नाही, अशी नोंदही निष्ठेने करून ठेवावी लागते. बिघडले काय, हे ओळखण्यासाठी आधी काय होते, हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. अ‍ॅनन्डेल यांनी चिलिकासाठी तेच केले.