ना. म. जोशी आणि नुकसानभरपाईचा हक्क

मुंबईला नातेवाइकांकडे गेल्यावर लोअर परळ किंवा करी रोड स्थानकाला उतरलेल्या आपल्या मंडळींनी 'ना. म. जोशी मार्ग' ही पाटी वाचलेली असेल. पूर्वी हा डिलाईल रोड. जुने गिरणगावकर अजून तेच नाव घेतात. पण ज्यांचे नाव या रस्त्याला दिले ते ना. म. जोशी कोण, हे आपल्या मुलानातवंडांना विचारले तर उत्तर मिळणे कठीण. म्हणून मंडळाच्या वाचकांसाठी हा परिचय.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी गोरेगावी झाला. हे गोरेगाव मुंबईचे उपनगर नव्हे, तर तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. पेन्शनीपर्यंत सुखाने चालणारी ही वाट सोडून १९०९ मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. समाजाचे सदस्य अगदी बेताच्या वेतनावर जन्मभर देशसेवेचे व्रत घेत. जोशींनी ते व्रत गिरणगावात पाळायचे ठरवले.

१९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था निघाली आणि तिचा कारभार जोशींनी अंगावर घेतला. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने ही तिची कामे. परळचे दामोदर नाट्यगृह आपल्यातील नाट्यप्रेमींना माहीत असते. ते याच संस्थेचे. या कामामुळे जोशी चाळीचाळींतून फिरले. यंत्रात हात गेलेला, उंचावरून पडून कायमचा बसलेला माणूस आणि त्याच्यामागे उघडे पडलेले घर त्यांनी जवळून पाहिले.

त्या काळी अशा घराला मिळे काय? मालक भला असेल तर चार पैसे हातावर ठेवी. नसेल तर तेही नाही. १८५५ चा प्राणघातक अपघातांचा कायदा होता, पण त्याखाली दावा लावायचा तर मालकाची चूक सिद्ध करावी लागे. गावाकडून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या विधवेने वकील करून गिरणीमालकाची किंवा ठेकेदाराची चूक कोर्टात शाबीत करायची, ही गोष्ट कागदावरच शक्य होती. शिवाय अपघात एखाद्या सहकारी मजुराच्या हलगर्जीमुळे झाला, असे म्हणूनही मालकाला हात झटकता येत.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे जोशी गेले. दुसऱ्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. अध्यक्ष लाला लजपतराय होते आणि स्थापनेत पुढाकार घेणाऱ्यांत जोशी होते. १९२१ पासून कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून ते मध्यवर्ती विधिमंडळात बसू लागले आणि पुढे जवळजवळ पाव शतक तिथे राहिले. गेल्याबरोबर त्यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मिळावे असा ठराव मांडला. त्यातूनच पुढे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला.

या लेखाचा खरा विषय मात्र वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट, म्हणजे कामगार नुकसानभरपाई कायदा. विधेयक सरकारने आणले, १९२३ च्या मार्चमध्ये ते मंजूर झाले आणि १ जुलै १९२४ पासून अंमल सुरू झाला. हा कायदा एकट्या जोशींनी केला असे कोणी म्हणणार नाही. पण त्या सभागृहात कामगारांच्या वतीने बोलण्यासाठीच ज्यांची नेमणूक होती ते जोशी होते. कायदा तोकडा आहे, तो रुंदावला पाहिजे, हा धोशा त्यांनी पुढे वर्षानुवर्षे सोडला नाही.

कायद्यातली नवी गोष्ट अशी. काम करताना आणि कामाच्या ओघात अपघात झाला, एवढे दाखवले की पुरे. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. भरपाई किती हे मालकाच्या मर्जीवर नाही, तर कोष्टकावर. आमचा जन्म आकडेमोडीत गेला, म्हणून ते कोष्टक इथे मांडून दाखवतो. मृत्यू झाल्यास प्रौढ कामगाराच्या वारसांना तीस महिन्यांचा पगार, कमाल अडीच हजार रुपये. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचा पगार, कमाल साडेतीन हजार. आता महिना ३० रुपये मिळवणारा मजूर घ्या. तो दगावला तर ९०० रुपये. कायमचा निकामी झाला तर १,२६० रुपये. उजवा हात कोपरापासून गेला तर त्याच्या ७० टक्के, म्हणजे ८८२ रुपये. एक डोळा गेला तर ३० टक्के, म्हणजे ३७८. अंगठा २५ टक्के, ३१५. तर्जनी १० टक्के, १२६ रुपये.

माणसाच्या बोटाची किंमत टक्क्यांत लिहिलेली वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याआधी त्या बोटाची किंमत शून्य होती, हे लक्षात घेतले की या रुक्ष कोष्टकाचे मोल कळते.

बांधकामावरील मजुरांच्या दृष्टीने आणखी दोन कलमे महत्त्वाची होती. एका मजल्याहून उंच इमारतीच्या बांधकामावर, दुरुस्तीवर किंवा पाडकामावर असलेला मजूर कायद्यात आला. आणि ज्याने आपल्या धंद्याचे काम ठेकेदाराला दिले, त्या मूळ मालकावरही भरपाईची जबाबदारी आली. त्याने आधी पैसे भरावेत, मग ठेकेदाराकडून वसूल करावेत. नाहीतर ठेकेदार पोटठेकेदाराकडे बोट दाखवणार, तो मुकादमाकडे आणि मुकादम रातोरात पसार, हा खेळ ठरलेलाच असतो.

तिसरे कलम आम्हाला फार आवडते. मृत्यूची भरपाई परस्पर वारसाच्या हातात द्यायची नाही. ती आयुक्ताकडे जमा करायची आणि त्याने वाटणी करायची. हक्क सोडून देतो असा कागद कामगाराकडून लिहून घेतला तरी तो कायद्यापुढे टिकत नाही. बँकेत असताना या कलमाचा उपयोग आम्ही प्रत्यक्ष पाहिला आहे. पालथीवरून पडून गेलेल्या एका गवंड्याची बायको आमच्या शाखेत आली होती. ठेकेदाराने अंत्यविधीचा खर्च देऊन एका कागदावर तिचा अंगठा घेतला होता. पुढे कोणीतरी तिला योग्य दार दाखवले आणि आयुक्तांच्या हुकुमाने भरपाई जमा झाली. दोन मुलांचे हिस्से ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहिले, आणि त्यांवर कर्ज देऊ नये असा शेरा होता. व्याज दर महिन्याला आईच्या खात्यात जाई. त्या ठेवीच्या पावत्यांवर सही करताना १९२३ च्या कायद्यामागे केवढा विचार होता ते समजले.

कायद्यातल्या उणिवा जोशींना माहीत होत्या. पहिले दहा दिवस भरपाई नव्हती, अनेक धंदे बाहेर राहिले होते, आणि सहकारी मजुराच्या चुकीची ती जुनी सबब काढून टाकणारा भाग विधेयकातून गाळला गेला होता. १९२९ मध्ये व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले गेले, तेव्हा जोशींनी त्याचे सदस्यत्व स्वीकारले. याची किंमत त्यांना मोजावी लागली. कमिशनवर बहिष्कार घालावा असे मानणाऱ्या गटाचे त्या वर्षीच्या नागपूर अधिवेशनात बहुमत झाले, आणि ज्या संघटनेचे ते सरचिटणीस होते तिच्यातून त्यांना सहकाऱ्यांसह बाहेर पडावे लागले. मवाळ म्हणून टीका झाली. टीकेत तथ्य किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. आम्ही एवढेच पाहतो की कमिशनच्या अहवालानंतर १९३३ मध्ये कायदा सुधारला, दहा दिवसांचे सात झाले, आणि १९३८ मध्ये मालकांच्या जबाबदारीचा वेगळा कायदा होऊन ती जुनी सबबही गेली. घरात चूल पेटवायची असते तेव्हा तीन दिवसांच्या पगाराला किंमत असते.

सगळेच साधले असे नाही. बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रियांना रजा व भत्ता मिळावा म्हणून १९२४ मध्ये त्यांनी आणलेले विधेयक फेटाळले गेले. मुंबई प्रांताने मात्र १९२९ मध्ये तसा कायदा केला. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरणी कामगार संघटनेचे, बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियनचे ते अध्यक्ष होते. दुभंगलेल्या ट्रेड युनियन काँग्रेसची एकी झाल्यावर १९४० मध्ये पुन्हा तिचे सरचिटणीस झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नेमलेल्या पहिल्या वेतन आयोगातही ते होते. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

इंदूरकरांनी एक ध्यानात ठेवावे. त्या काळी आपले शहर होळकर संस्थानात होते आणि दिल्लीच्या विधिमंडळाचे कायदे संस्थानांना आपोआप लागू होत नसत. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांची धुराडी इथे धूर ओकत होती, पण ब्रिटिश हद्दीतल्या कामगाराचा हक्क तो इथल्याचा हक्क, असे नव्हते. आज तो भेद नाही. जोशींच्या काळातला कायदा अनेकदा सुधारला गेला. २०१० पासून त्याच्या नावात कामगाराऐवजी कर्मचारी हा शब्द आला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचा गाभा सामावून घेतला गेला. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा झाला, आणि उपकरातून चालणारी कल्याण मंडळेही आहेत.

तरीही ठेकेदार अंत्यविधीचे पैसे देऊन अंगठा घेतो, कारण त्या बाईला कायदा कोणी सांगितलेला नसतो. आपल्यातील अनेक घरांत सध्या मजले चढत आहेत, म्हणून थोडे व्यवहाराचे. काम देतानाच ठेकेदाराने मजुरांचा विमा उतरवला आहे का ते विचारावे आणि कागद पाहावा. दुर्दैवाने अपघात झालाच तर दवाखान्यात तो कामावर झाला अशीच नोंद करावी, पोलिसांत खबर द्यावी, मजुरीच्या नोंदी व सोबत्यांची नावे जपावीत आणि भरपाईचा अर्ज वेळेत करावा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाच्या व्यक्ती यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आपल्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालून द्यावा.

ना. म. जोशींनी आयुष्यभर असेच दार दाखवण्याचे काम केले. पाटीवरचे त्यांचे नाव वाचताना मुलांना एवढे जरूर सांगावे.