वाऱ्याचा दिवा लावणारे शिक्षक : पौल ला कूर

डेन्मार्क देशांत ज्या शिक्षकांचें नांव आजही आदरानें घेतलें जातें, त्यांपैकीं पौल ला कूर हे एक होत. त्यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजीं एबेलटॉफ्ट गांवाजवळ झाला. पदार्थविज्ञान व हवामानशास्त्र यांचें अध्ययन करून १८७२ सालीं ते कोपनहेगन येथील नव्या हवामान संस्थेचे उपसंचालक झाले. तारायंत्राच्या सुधारणेंतही त्यांनीं नांव मिळविलें. असें असतांही १८७८ सालीं ते आस्कोव्ह या खेड्यांतील लोकविद्यालयांत शिक्षक म्हणून गेले.

त्या काळीं विजेचा लाभ शहरांनाच होऊं लागला होता. खेड्यांजवळ पैसा नव्हता. वारा मात्र विपुल होता. १८९१ सालीं सरकारी साहाय्यानें ला कूर यांनीं शाळेजवळ पवनचक्की उभारून वीज उत्पन्न केली. पण वारा पडल्यावर दिवा कसा लागावा? पाण्यांतून वीज सोडली असतां घनफळानें दोन भाग हायड्रोजन व एक भाग ऑक्सिजन वेगळे होतात. इटलींतील गारुटी यांच्या पद्धतीनें त्यांनीं हे वायू सांठविले आणि १८९५ पासून १९०२ पर्यंत त्यांच्याच ज्योतीनें शाळा उजळली.

हें कार्य निर्धोक नव्हतें. हायड्रोजनांत थोडा ऑक्सिजन मिसळला कीं स्फोट होई. खिडक्यांच्या कांचा कित्येकदां फुटल्या. तरी ते डगमगले नाहींत. पुढें बॅटऱ्या अधिक सोईच्या ठरतांच त्यांनीं आपल्या आवडत्या प्रयोगाचा हट्ट धरला नाहीं. १९०४ सालीं त्यांच्याकडे शिकलेल्या योहानेस यूल यांनीं १९५७ सालीं गेडसर येथें प्रसिद्ध पवनचक्की उभारली. गुरुजी मात्र २४ एप्रिल १९०८ रोजींच निवर्तले होते.

त्यांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाहीं. पाण्याचें विघटन सुलभ करणारे प्लॅटिनम व इरिडियम हे धातु दुर्मिळ व महाग आहेत. म्हणून लोखंड, निकेल यांसारख्या स्वस्त धातूंपासून तसेंच काम करून घेण्याची खटपट शास्त्रज्ञ करीत आहेत. जें ज्ञान गरिबाच्या घरीं पोंचत नाहीं, तें अपुरेंच, असें आम्हांस ला कूर यांच्या चरित्रावरून वाटतें. विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत परीक्षानळी हातीं घ्याल तेव्हां आस्कोव्हच्या त्या फुटक्या कांचांचें स्मरण ठेवा : सावधपण सोडूं नका, आणि धीरही सोडूं नका.